भंडारा लागलेला रिपोर्ट

मी एक जुना रिपोर्ट आहे. दोन पानांचा, हळदीने पिवळा पडलेला. मित्रांनो, माझी पूजा झाली आहे. रिपोर्टाची कुणी पूजा करत नाही, माझी केली, आणि त्याचीच मला चीड आहे.

वारंगा फाट्याजवळच्या मसाजींना, मेंढरं राखणाऱ्या माणसाला, प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. नांदेडला ऑपरेशन करून ती गाठ काढली. लॅबमधल्या निलम मॅडमनी गाठीच्या कडांना शाई लावली, पातळ काप केले आणि दुर्बिणीखाली पाहिले. कॅन्सर थेट शाईपर्यंत पोचला होता. म्हणजे आत थोडा उरला असण्याची भीती. रोग किती उग्र, त्याचाही आकडा त्यांनी दिला, दहापैकी आठ. मग माझ्यावर इंग्रजीत छापलं, ‘मार्जिन पॉझिटिव्ह’, म्हणजे कडेलाही कॅन्सर आहे. मसाजींचं पुढे काय होणार, याचा अंदाज माझ्या अंगावर होता. मी तेव्हा फुशारून गेलो होतो.

मला न्यायला मसाजी आले, त्या दिवशी डॉक्टर रजेवर होते. उद्या परत कोण येणार? मसाजी घरी निघाले आणि फाट्यावर पुनमचंदशेठच्या खताच्या दुकानात त्यांनी मला पुढे केलं. शेठला इंग्रजी येतं, असा गावात बोलबाला.

शेठनं चष्मा चढवला. “मार्जिन पॉझिटिव्ह हाय, मसाजी.”

“म्हंजे काय, शेठ?”

“मार्जिन म्हंजे नफा. धंद्यात ते असलं की बराबर. अन् मार्क बघ, दहापैकी आठ. पास झाला तू.”

दुकानदार पडला तो, त्याला दुसरा कोणता मार्जिन ठाऊक असणार? मला तोंड असतं तर मी तिथेच बोंब मारली असती.

घरी त्यांच्या बायकोनं, सिंधूबाईंनी, मला देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकापाशी ठेवलं आणि कपाळभर भंडारा लावला. दर रविवारी नवा. दवाखान्यातून रक्त तपासायला या म्हणून फोन आला, तर मसाजी म्हणाले, “काहून यायचं? आठ मार्क पडलेत.” आणि ते मेंढरांमागे गेले.

दोन वर्षांनी कंबर धरली, मग पाय उचलेना. तेव्हा कुठे मला देव्हाऱ्यातून काढलं. डॉक्टरांनी हळद झटकली आणि एका मिनिटात मला वाचलं. “हे तेव्हाच दाखवलं असतं तर किरणांचा शेक देता आला असता. आता हाडांत गेलाय.”

सिंधूबाई म्हणाल्या, “साहेब, आमी तर रोज हात जोडून राहिलो ह्याला.”

आता मसाजी खाटेवर असतात. मी उशाशी. परवा त्यांनी बायकोला विचारलं, “आठ मार्क लई वाईट असत्यात का गं?” तिनं पदर ओला केला आणि माझ्यावरची हळद पुसत बसली.

मित्रांनो, तुमच्या घरात असा कागद आला तर त्याला हात जोडू नका. ज्याला तो कळतो, त्याच्यापुढे त्याच आठवड्यात नेऊन ठेवा. डॉक्टर रजेवर असले, तर दुसऱ्या दिवशी परत जा.