धक्क्यासमोरचं घर

बाईंनी दिवाणखान्याची पाण्याकडची खिडकी खांद्याने रेटून उघडली आणि मागे वळल्या, तर दारात एक वयस्क गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे होते.

"आज घर बघायला मिळेल?"

"मिळेल. माहिती सांगणारी मुलगी रजेवर आहे. चालत असेल तर मी दाखवते."

गृहस्थांनी पायपुसण्यावर बूट गरजेपेक्षा जास्तच घासले.

बाईंनी ऐकून ऐकून पाठ झालेलं सुरू केलं. घर दोनशे वर्षांचं. एका जहाजमालकाने बांधलेलं. हे झुंबर बोटीने आलं, वाटेत अर्धं फुटलं. घराण्यात आता कोणी उरलं नाही. शेवटच्या सुनेने घर नगरपालिकेला देऊन टाकलं.

हे शेवटचं वाक्य वरच्या खोलीत त्यांना रोज त्या मुलीच्या आवाजात जमिनीतून ऐकू येई. आज स्वतःच्या तोंडून म्हणताना ते कुठे अडलं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

"वारल्या का त्या?"

"आता कोण लक्षात ठेवतंय," बाई झुंबराकडे बघत म्हणाल्या.

गृहस्थांचं लक्ष सामानाकडे नव्हतंच. ते एकेका खिडकीपाशी जाऊन थांबत होते.

"ही बाहेरून डावीकडची शेवटची ना?"

"असेल. मी कधी बाहेरून बघितलं नाही तसं."

"मी फेरीबोटीवर सुकाणूला होतो. उभा जन्म हे घर पाण्यावरून बघण्यात गेला. आता निवृत्त झालो. घरी भिंतींशी किती बोलणार? म्हटलं, एकदा आतून बघून यावं."

जिन्याला आडवा दोर बांधला होता. ते तिथे थबकले.

"वर काही नाही," बाई म्हणाल्या. "अडगळ आहे."

"दिवा लागतो की."

बाईंनी दोराची गाठ उगाच चाचपली.

"पहाटेच्या फेरीला सगळा काठ काळाकुट्ट असतो. फक्त वरच्या कोपऱ्यात दिवा. तो दिसला की आम्ही चहा ओतायचो. मागच्या थंडीत मधेच लागेनासा झाला. खलाशी रोज विचारायचे, आज आहे का? धक्क्यावर चौकशी केली, कोणाला धड सांगता येईना. मग एका पहाटे लागला परत. त्या दिवशी भोंगा जरा जास्तच वाजवला मी."

बाईंनी कठड्याला हात टेकला. मागच्या थंडीत त्या इस्पितळात होत्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे माणसांची रीघ असे. त्यांना बसायला जागा पुरत नसे, म्हणून यांच्या खाटेजवळची खुर्ची ते विचारून घेऊन जात.

"न्यूमोनिया झाला होता," त्या म्हणाल्या.

गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी दोर सोडला.

वर एक खाट, एक शेगडी आणि खिडकीशी खुर्ची. गृहस्थ खुर्चीला वळसा घालून उभे राहिले. खाली धक्क्यावरून बोट निघाली होती, वळण घेत होती. त्यांनी हात वर केला.

"एवढ्या लांबून कसं दिसणार त्यांना?"

"दिसतं," हात खाली न घेता ते म्हणाले.

बाई खिडकीपाशी सरकल्या. हात वर करण्याआधी त्यांनी केस जरा सारखे केले.