दोऱ्यानं निवडलेली धार

मिस्त्री निवृत्त झाले आणि जमवलेल्या पैशांतून त्यांनी धातू कापून घडवायचं एक मिलिंग मशीन घरी आणलं. मशीन लहानखुरंच, पण बसलं बायकोच्या शिलाईच्या खोलीत, तिच्या कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकच्या मांडीला मांडी लावून. सुरू झालं की असं थरथरायचं, की एकदा चालत चालत स्वयंपाकघराच्या दारात आलं आणि चहा मागायचं तेवढं राहिलं. यात तिखटमीठ काही नाही. उलट 'साखर कमी' म्हणालं ते इथे गाळलंय.

बाईंनी सहा महिने सोसलं. मग त्यांच्या ओव्हरलॉकचा ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट तडकला, आणि कंपनी म्हणाली, हा भाग आता बनत नाही.

"अहो, आता दाखवा तुमचं हे ध्यान काय करतं ते," बाई म्हणाल्या. "रविवारपर्यंत ब्रॅकेट झाला तर राहील इथं. नाहीतर दादा टेम्पो घेऊन येतोय."

दादा म्हणजे मिस्त्रींचा मेव्हणा. मशीन आल्या दिवसापासून त्याचा त्यावर डोळा. येता-जाता हँडलवरून असा हात फिरवायचा, जणू स्वतःचंच मांजर.

मशीनला लावायचे कटर नव्हते असं नाही. लाल पेटीत चांगले वीस होते, स्वस्तात मिळाले म्हणून एकदम घेतलेले. पहिला ॲल्युमिनियमला टेकला आणि मेणबत्तीसारखा वाकला. दुसऱ्यानं कापायच्या ऐवजी गोंजारलं. तिसरा उडाला, तो अजून खाली आलेला नाही.

शनिवारी सकाळी मिस्त्री हत्यारांच्या दुकानात.

"सॉलिड कार्बाइडचा कटर न्या मिस्त्री. काकडीसारखं कापेल," दुकानदार म्हणाला.

किंमत ऐकून मिस्त्रींचे कान तापले. "आणि माझं मशीन थरथरलं तर?"

"तर काचेसारखे तुकडे." दुकानदार खरं बोलायचा, म्हणून दुकान अजून एका खणाचंच होतं. "त्यापेक्षा हा एका इन्सर्टचा कटर न्या. दांडा तोच राहतो, टोकाला हा नखाएवढा तुकडा स्क्रूनं बसतो. एक कोपरा झिजला की फिरवा, दुसरा तयार. नवे इन्सर्ट घ्याल तर पुन्हा कान तापतील. हा डबा न्या, कारखान्यातून टाकून दिलेले आहेत. तिथं घाई फार. एक कोपरा गेला की दुसरा न बघताच फेकतात."

"चांगले किती निघतील?"

"ते तुमचं नशीब आणि तुमचा चष्मा!"

दुपारभर मिस्त्री चष्म्यावर भिंग धरून बसले. सगळे कोपरे सारखेच चकचकीत. अंदाजानं एक लावला, मशीन किंचाळलं. दुसरा लावला, तर ॲल्युमिनियमवर नांगर फिरवल्यासारख्या सऱ्या. आता धातूचा एकच ठोकळा उरला. मिस्त्री डोक्याला हात लावून बसले.

"काय शोधताय?" बाईंनी शिवण थांबवून विचारलं.

"धार."

"डोळ्यांनी? कमाल आहे बाई!"

त्यांनी रिळाचा दोरा दोन बोटांत ताणला आणि इन्सर्टच्या कोपऱ्यावरून ओढला. घसरला. दुसऱ्या कोपऱ्यावरून ओढला, तर तटकन तुटला.

"चाळीस वर्षं कात्र्या अशाच पारखतेय. तुम्ही कधी विचारलंत?"

"तू कधी सांगितलंस?"

"तुमच्या भिंगाच्या मधे कोण येणार!"

दिवेलागणीपर्यंत अकरा धारदार कोपऱ्यांवर शिंपीखडूच्या खुणा झाल्या. अंगात जोर नसलेल्या मशीनला हीच धार हवी होती, न रेटता आपसूक शिरणारी. मिस्त्रींनी खुणेचा कोपरा लावला, शेवटचा ठोकळा आवळला आणि केसाकेसानं कापत गेले. मशीन जागचं हललं नाही. चंदेरी कुरळ्या बटा तेवढ्या टेबलावर पडत राहिल्या.

रविवारी मेव्हणा टेम्पो, दोरखंड आणि दोन हमाल घेऊन हजर. आत ओव्हरलॉक खडखडत होतं.

"झाला?" त्याचा चेहरा पडला.

"झाला," बाई म्हणाल्या. "पण बहिणीकडून रिकामा नको जाऊस, दादा. अहो, ती लाल पेटी द्या त्याला."

मिस्त्रींनी सतरा कटरांची पेटी दोन्ही हातांनी दिली. हमालांनी ती दोरखंडानं रीतसर बांधून टेम्पोत चढवली.

इन्सर्टचा डबा मात्र बाईंच्या बटणांच्या फळीवर गेला. हवा असेल तेव्हा मिस्त्री मागतात. बाई दोरा ताणून बघतात, आणि मगच देतात.