मांडीवरचे बोल

सेनगावच्या इंग्रजी शाळेची जीप साखऱ्याच्या अंगणवाडीसमोर हॉर्न वाजवत उभी होती, आणि आत अंगणवाडीताई ज्योती पोरांना घेऊन बसली होती. सोनाजी आबांनी नातीपुढं पाटी आपटली होती.

"दोन महिने झाले, बाई! नुसत्या टाळ्या अन् गाणे. आज सेवानं अ काढला तर ठीक, न्हाई तर ही बसली जीपमंदी."

दारात सहा-सात आया लेकरांना धरून उभ्या. आबांची नात गेली की मागोमाग साऱ्यांची पोरं जाणार, आणि अंगणवाडीला कुलूप लागणार. वीस वर्षांची ज्योती, महिनाभराचं प्रशिक्षण घेऊन नुकतीच आलेली. पण एवढं तिला उघड दिसत होतं.

आबा मागं भिंतीला टेकून बसले. सेवानं पेन्सिल मुठीत आवळली. चार वर्षांचं लेकरू ते. पाटीवर एक वाकडी रेघ उमटली आणि रेघेवर टपकन पाणी पडलं.

मदतनीस शकुबाई कानाशी लागली, "ताई, हात धरा अन् काढून टाका. आबाला काय दिसून राहिलं तिथून?"

ज्योतीचा हात पुढं गेलाही. सेवाची मूठ दगडासारखी लागली. तिनं पेन्सिल हळूच सोडवून बाजूला ठेवली.

"आज न्हाई यायचा, आबा."

"मंग काय शिकवून राहिली तू?"

"तुमी पखवाज शिकले, तवा पयल्याच दिशी कीर्तनात उभे राहिले का?"

दारात कुणीतरी खुदकन हसलं. आबांचे कान लाल झाले. ज्याच्या थापेवर अख्खा सप्ताह डोलायचा, त्याला हे कालचं पोरगं विचारतं!

"मला पखवाज शिकवते व्हय?"

"शिकवत न्हाई, इचारते."

बाहेर जीपचा हॉर्न पुन्हा वाजला. मग आबा जमिनीकडं बघत म्हणाले, "आमच्या बुवांनी सहा महिने पखवाजाला हात लावू दिला न्हाई. तोंडानं बोल म्हणायचे अन् मांडीवर वाजवायचे. मांडी सुजायची."

"मंग?"

"मंग काय! आता उलटतपासणी घेती का?"

गुरूचं नाव निघालं की भल्याभल्यांचा ताठा वितळतो. पण आजाची काळजी वितळत नसते. आबा उठले. "पोळ्यापस्तोर थांबतो. तवर अ न्हाई आला, तर मी सोता बसवीन हिला जीपमंदी. मंग तुझं काही ऐकणार न्हाई."

"बराबर हाय, आबा."

तरीही तीन आया थांबल्या नाहीत. जीप त्यांची लेकरं घेऊन गेली.

पोळ्याला बावीस दिवस होते. पेन्सिलीआधी बोटांना वळण यावं म्हणून ज्योतीनं परातीत वाळू ओतली.

"सेवा, भाकर काढ बरं. गोल गोल."

सेवानं आधी दाराकडं पाहिलं, आबा गेल्याची खात्री केली, आणि मग वाळूत बोट घातलं.