त्या नळीला आधी कळलं

मी सोनोग्राफीचं यंत्र बोलतोय. ज्याच्या शेजारी तुम्ही पोट उघडं टाकून आडवे होता आणि थंडगार जेली लागली की दचकता, तोच मी. कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता. आज अकरा वर्षांनी माझी दोन बटणं पुसली गेलीत आणि एक चाक कुरकुरतं.

आधीच सांगून टाकतो, मी जळका आहे. आणि जळतो कुणावर, तर बोटाएवढ्या काचेच्या नळीवर! समोरच्या खोलीत सिस्टर तिच्यात रक्त भरतात. त्या रक्तात कर्करोगाची खूण सांगणारा एक पदार्थ मोजतात, त्याला सगळे मार्कर म्हणतात. ना चित्र, ना हालचाल. नुसता एक आकडा.

माझ्याकडे एक बाई यायच्या. मुलांना पोहायला शिकवायच्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं. तो आजार पसरलाच तर बरेचदा यकृतात जाऊन बसतो, म्हणून दर तीन महिन्यांनी त्यांचं रक्त तपासायचे आणि मधूनमधून यकृत मी बघायचो. मला चालवणाऱ्या डॉक्टरबाई म्हणायच्या, “श्वास रोखा.” बाई असा रोखायच्या, की शेवटी डॉक्टरबाईंनाच धाप लागायची. “अहो, सोडा आता! मला भीती वाटायला लागली.”

मग बाई हसून माझ्या पडद्याकडे बघायच्या. “हे काळं-पांढरं सगळं माझंच का हो?” माणसाचं आतलं त्याला दाखवण्यात केवढा मान असतो! तो मान मला दीड वर्षं मिळाला.

मग एकदा मार्करचा आकडा वाढला. तीनचा सात झाला. महिन्याने पुन्हा रक्त घेतलं, तर अकरा. त्या दिवशी बाई आल्या त्या मोबाइलवर रिपोर्ट उघडूनच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझ्या मनात आलं, थांब, आता या नळीची चांगली जिरवतो.

डॉक्टरबाईंनी अर्धा तास यकृत पाहिलं. काही नाही. सगळं स्वच्छ. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! खरं बोलायचं तर तो बाईंसाठी नव्हता. नळी खोटी ठरली, त्याचा होता.

बाईंचे थोरले भाऊ सोबत होते. ते म्हणाले, “झालं तर मग! डोळ्यांना दिसतंय ते खरं धरायचं का कागदावरचा आकडा? तीन महिन्यांनी बघू.”

“दादा, मलाही तेच वाटतंय,” बाई म्हणाल्या. “माझ्या मुलांच्या स्पर्धा तोंडावर आल्यात.”

मी खूश. आणि तेवढ्यात आमच्या डॉक्टरबाईच फितूर झाल्या.

“थांबा. आकडा वाढला म्हणजे आजार आलाच, असं नाही. दुसऱ्या कारणानंही वाढतो. पण हा लागोपाठ दोनदा चढलाय. आणि माझ्या यंत्राला दिसलं नाही, म्हणजे तिथे काही नाही असं मी लिहून देणार नाही. एमआरआय करा. याच आठवड्यात.”

माझ्या यंत्राला दिसलं नाही! नऊ वर्षांची सोबत आणि माझ्यासमोर हे असं.

चार दिवसांनी बाई परत आल्या. चेहरा उतरलेला. एमआरआयमध्ये यकृताच्या अगदी वरच्या टोकाला, बरगड्यांच्या आड, वाटाण्याएवढा डाग सापडला होता. डॉक्टरबाईंनी ते चित्र शेजारी लावलं, बाईंना कुशीवर वळवलं आणि दोन बरगड्यांच्या फटीतून मला आत बघायला लावलं. “दीर्घ श्वास घ्या. रोखा.”

दिसला. फिकट, चोरून बसलेला. जागा सांगितल्यावर मला दिसला. याच्याइतकं मला कधीच काही झोंबलं नाही.

दादा पडद्याजवळ आले. मग म्हणाले, “तीन महिने थांबा म्हणणारा मीच होतो.”

“गप रे,” बाई म्हणाल्या. “आधी कळलंय ना? मग काढून टाकू.”

डाग एकच होता आणि लहान होता, म्हणून ऑपरेशन करता आलं. त्याला आता दोन वर्षं होतील. मार्कर पुन्हा तीनवर आलाय. पुढचं कुणीच छातीठोक सांगत नाही, पण बाई मुलांना रोज पाण्यात उतरवतात. परवा आल्या तेव्हा आधी समोरच्या खोलीत गेल्या आणि सिस्टरांना म्हणाल्या, “तुमच्या नळीनं मला वाचवलं बरं का!” मी दारातून ऐकलं. जळलो. अजून जळतोय.

तरी एक विनंती करतो. ती माझ्या तोंडून निघणं किती अवघड आहे, हे तुम्ही ओळखालच. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं असेल, तर माझं चित्र स्वच्छ आलं म्हणून ती तपासणी टाळू नका. त्या बयेलाही विचारा.