नाक्यापर्यंतचा दम

हिम्मतरावांच्या हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप कडक होऊन फारच अरुंद झाली आहे, हे तपासणीत स्पष्ट दिसत होते. तरीही डॉक्टर भाग्यलक्ष्मींच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांचे एकच उत्तर होते.

"कुछ नहीं डॉक्टरसाब. रोज पैदल बाजार जाता मैं."

सुशीलाबाई शेजारी मुकाट्याने बसल्या होत्या. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत नवऱ्याचा शब्द त्यांनी कधी खोडला नव्हता; माहेरची शिकवणच तशी.

डॉक्टरांचे बालपण मराठी मुलखालगतच्या बोधनला गेल्यामुळे त्यांना मराठी चांगले येई. त्या म्हणाल्या, "त्रास असता, तर मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन, तिच्यावरची दुमडलेली नवी झडप जुनीच्या आत उघडून बसवली असती. छाती उघडावी लागत नाही. पण त्रासच नसेल, तर सहा महिन्यांनी पाहू."

सहा महिने हाताशी नाहीत, हे सुशीलाबाई जाणून होत्या.

"डॉक्टर, मला बोलायचंय."

"अगं, तू गप्प बस."

"बसलेच होते की, अहो. आता नाही." त्या डॉक्टरांकडे वळल्या. "यांचा एक नेम आहे. दुकानदाराच्या स्टुलावर फुकट बसायचं नाही. बसलं की काहीतरी घ्यायचंच. दिवाळीत हे पार चिक्कडपल्लीच्या बाजारातून छत्र्या आणायचे. संक्रांतीनंतर अर्ध्या वाटेवरून कुलुपं. आता नल्लकुंट्यात आमच्याच गल्लीच्या नाक्यावरून मेणबत्त्या. घरात चार छत्र्या आणि नऊ कुलुपं झालीत!"

"घरात लागतात वस्तू," हिम्मतराव पुटपुटले.

"नऊ कुलुपं? निजामाचा खजिना ठेवलाय का आपल्याकडे?"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवले. "म्हणजे बाजार घराजवळ येत चाललाय. चला, व्हरांड्यात चालून दाखवा. सिस्टर सोबत राहतील."

तीस पावलांवर हिम्मतराव थांबले. समोरच्या भिंतीवर तान्ह्या बाळांच्या लसीकरणाचा तक्ता होता. हात मागे बांधून ते तो मोठ्या गांभीर्याने वाचू लागले.

"वाचा, सावकाश वाचा," सुशीलाबाई म्हणाल्या. "या वयात उपयोगी पडेल."

सिस्टरने हसू दाबले. हिम्मतरावांचे कान तांबडे झाले. पाणीपुरवठ्याच्या पंपांची देखभाल करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि बिघाड दडवणाऱ्याला त्यांनी कधी क्षमा केली नव्हती. त्यांनी भिंतीवर तळवा टेकला.

"लागतो दम. आंघोळ करतानासुद्धा. मागच्या महिन्यात जिन्यात अंधारी आली होती."

जिन्यातले हे सुशीलाबाईंनाही ठाऊक नव्हते. त्यांचा आवाज मात्र ढळला नाही. "लिहून घ्या, डॉक्टर."

"आता थांबायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आजच स्कॅन करून झडपेचं माप घेऊ, धमन्या पाहू. सगळं जमलं, तर पुढच्याच आठवड्यात."

"नळी जाण्याइतकी वाट रुंद नसली तर?" हिम्मतरावांनी प्रथमच काही विचारले.

"तर दुसऱ्या वाटेनं जाऊ. पण सोडणार नाही."

स्कॅनच्या चिठ्ठीसाठी सुशीलाबाईंनी हात पुढे केला. त्याआधीच हिम्मतरावांनी ती घेतली. स्कॅनची खोली व्हरांड्याच्या पार टोकाला होती. त्यांनी ते अंतर एकवार नजरेने मोजले.

"सिस्टर," ते सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चाकाची खुर्ची मिळेल का?"