अंगण केवढं आहे?

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको: मला अंगण नाही. तिसऱ्या मजल्यावर दीड खोली आहे आणि एक गॅलरी. तिथे एक तर खुर्ची मावते, नाही तर मी. तरीही गेले चार महिने दर मंगळवारी मी दुकानात जाऊन घरासाठी प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने फरशी धुणारं यंत्र, निवडत होतो.

सुरुवात माझी नव्हती. मी बल्ब आणायला गेलो होतो. यंत्रांच्या रांगेपाशी निळा कोट घातलेली एक विक्रेती उभी होती. तिने सहज विचारलं, “काका, अंगण केवढं आहे?”

बायको गेल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. मुलगी फोनवर विचारते, पण ते गोळ्या घेतल्या का, जेवलात का. त्याला विचारणं म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात. मी बोलून गेलो, “पंधरा बाय बारा. काळी फरशी. भिंतीकडे शेवाळ धरतं.”

सगळं खरं होतं, फक्त ते अंगण दीड वर्षापूर्वी विकलं होतं. “बाबा, एकट्याला एवढं घर कशाला?” असं मुलगी म्हणाली आणि मी मुकाट्याने सह्या करून कागद तिच्या हातात दिले. पुढचं तिने पाहिलं. घेणाऱ्यांचं मी तोंडही पाहिलं नाही. मुलीचं चुकलं नव्हतं, म्हणून तर भांडताही आलं नाही.

तर ती विक्रेती समजावत गेली आणि मी फाटे फोडत गेलो. घराला शंभर-सव्वाशे बारचा दाब पुष्कळ झाला, ती म्हणाली. त्याहून जास्त जोर लावला तर शेवाळाबरोबर सांध्यांतलं सिमेंटही उडतं. मग शंभर की सव्वाशे, यावर मी एक मंगळवार काढला. नुसता दाब बघून भागत नाही, मिनिटाला पाणी किती लागतं तेही बघायचं असतं, यावर दुसरा. पेट्रोलवर चालणारं यंत्र तिने स्वतःच बाद केलं.

“शेजारी शिव्या घालतील, काका.”

“शेजारी आहेच तसला,” मी म्हणालो. तो खरंच तसला होता.

पाइप किती लांब हवा हे ठरवायला तिने बिलाच्या पाठीवर माझ्या अंगणाचा नकाशा काढला. नळ दाराच्या डाव्या हाताला, गुडघ्याएवढ्या उंचीवर. नळाला धार बारीक येते म्हटल्यावर बादलीतून पाणी ओढणारं यंत्र बघा म्हणाली. तो नकाशा मी घडी घालून खिशात ठेवला. घरी येऊन पाहिला आणि फार एकटं वाटलं. तरी मंगळवारची वाट बघत राहिलो. यंत्र घेतलं की दुकानात जायचं कारण संपणार, हे मला न कळायला मी काही दूधखुळा नाही.

एका मंगळवारी पोचलो तर मॅनेजर तिला झापत होता. “चार महिने एकच गिऱ्हाईक! ते काही घेणार आहेत, की तुम्हीच त्यांना दत्तक घेतलंय?”

ती खाली मान घालून उभी होती. माझं डोकंच फिरलं. मी पुढे झालो आणि सव्वाशे बारच्या यंत्रावर थाप मारली. “हे द्या. आजच.”

तिने फॉर्म पुढे केला. “पत्ता आणि फोन नंबर लिहा, काका. उद्या घरपोच येईल.” मग हळूच म्हणाली, “अंगण स्वच्छ झालं की सांगायला या हं.”

पस्तीस वर्षं मी टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी केली. लोकांचे चुकलेले पत्ते डोळे झाकून सुधारायचो. आणि त्या दिवशी मी स्वतःचा पत्ता लिहिला तो जुन्या घराचा. लिहिताना शंकासुद्धा आली नाही. अंगण तिथेच होतं ना.

दुसऱ्या दिवशी फोन आला. बाईचा आवाज होता. “तुमच्या माणसांनी आमच्या दारात खोकं टाकलंय. त्यावर हा नंबर आहे. आम्ही काहीच मागवलेलं नाही.”

मी धावतपळत गेलो. दाराला पिवळा रंग दिलेला. बाई कडेवर बाळ घेऊन बाहेर आली. “तुम्ही कंपनीचे का?”

खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्यामागे अंगण दिसलं. भिंतीपासून पार पायरीपर्यंत हिरवंगार झालं होतं.

“हो,” मी म्हणालो. “वापरून दाखवतो. त्याचे पैसे नसतात.”

बादली भरली, पाइप जोडला. त्या पोरीने शिकवलेलं सगळं जसंच्या तसं बोललो: नोझल फरशीपासून वीतभर लांब धरायचं, सांध्यांवर थांबायचं नाही. बाई मान डोलवत होती. पट्ट्यापट्ट्याने काळी फरशी वर येत गेली. त्या कोपऱ्यात बायको संध्याकाळी पाय पसरून बसायची. मला रडू आलं. तोंडावर शिंतोडे उडत होते म्हणून निभावलं.

पाणी तुंबलं तेव्हा मी पायरीमागची कुंडी सरकवली, खालच्या भोकात दोन बोटं घालून कचरा काढला. पाणी भळभळ निघून गेलं.

तासाभराने यंत्र बंद केलं. बाई म्हणाली, “झालं छान, पण आवाज फार आहे हो. बाळ घाबरतं. आम्हाला नको.”

“महिन्यातून एकदा मी येऊन धुऊन देईन,” मी म्हणालो. “कंपनीतर्फे.”

“नको, काका. उगाच तुम्हाला हेलपाटा.”

मी पाइप गुंडाळायला लागलो. ती त्या कुंडीकडे बघत होती.

“वर्षभर राहतोय आम्ही इथे. तिथे पाणी जायला भोक आहे, हे आम्हालाही माहीत नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?”

“सगळ्या घरांत तिथेच असतं,” मी म्हणालो आणि खोकं उचललं.