पाय टेकायचा नाही

ओमेरच्या सायकलीचे गिअर त्याच्या मुलीने, ग्रीतने, त्याला न विचारता काढायला लावले. शनिवारी सकाळी हवा भरायला तो गॅरेजात गेला तेव्हा त्याला ते कळलं. तारा गायब, दांड्या गायब, मागच्या सात दातेरी चक्रांच्या जागी एकच. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गिअर कुठायत?"

"फर्मिनच्या दुकानात," ग्रीत कॉफी ओतत म्हणाली. "एकच ठेव म्हटलं त्याला. डॉक्टरांनी सांगितलंय ना? कालव्याकाठी हवं तेवढं हिंडा. टेकडी बंद."

"मेल्यावर हात लावायचा असतो बापाच्या वस्तूंना."

"मेला नाहीत म्हणूनच लावला."

तो आणखीच भडकला.

कारण दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. त्या दिवशी सायकल क्लबचे म्हातारे सायकलवरून टेकडीची दगडी वाट चढतात. पाय न टेकता वर पोचेल त्याने तिथल्या कॅफेबाहेरच्या काळ्या फळीवर खडूने नाव लिहायचं. ज्याचा पाय टेकला, तो पुढल्या वर्षीपासून मागून येणाऱ्या गाडीत, सूपचं पातेलं मांडीवर घेऊन. एकेचाळीस वर्षं ओमेरचं नाव चुकलं नव्हतं, आणि ते पातेलं त्याला मरेपर्यंत नको होतं.

तो सायकल हातात धरून तरातरा फर्मिनच्या दुकानात गेला.

"गद्दारा. चाळीस वर्षं माझ्या पाठीआड वारा चुकवत फिरलास, आणि माझ्याच पोरीला सामील झालास?"

"तुझी पोरगी पुढ्यात उभी राहिली की तूसुद्धा सामील होतोस," फर्मिन हात पुसत म्हणाला. "चालवून बघितलीस?"

"त्यात काय बघायचंय?"

"आधी बघ. शिव्या नंतर दे."

ओमेर सायकलवर बसला. पाय गरागरा फिरले, सायकल मात्र मुंगीच्या पावलाने निघाली. फर्मिनने मागे सगळ्यात मोठं चक्र ठेवलं होतं आणि पुढे सगळ्यात लहान. चढावर चालेल असा तेवढा एकच गिअर. ग्रीतने एक सांगितला होता. कोणता, ते विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. ओमेरने फर्मिनला शिवी दिलीच, फक्त जरा हळू आवाजात.

रविवारी टेकडीपर्यंतच्या सपाटीनेच त्याचा जीव काढला. पाय शिवणयंत्रासारखे चालत होते आणि बाकीचे पुढे दिसेनासे झाले. एकदा ते थांबले. "माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही," तो ओरडला, आणि ते गेले. मग मागची गाडी शेजारी आली, दार उघडलं, सूपचा वास आला.

"दार लाव," ओमेर म्हणाला, आणि गाडीही पुढे गेली.

टेकडीशी पोचला तेव्हा तो एकटाच होता. दगड ओले होते. एका पेडलला डॉक्टर, दुसऱ्याला ग्रीत, असं एकेकाचं नाव घेत तो दात-ओठ खात चढला. वळणावर पुढचं चाक घसरलं. खांदा बांधाच्या मातीवर आदळला आणि तो तसाच रेलून राहिला, पण पाय खाली आला नाही. शिव्या देतच त्याने पुढचं पेडल मारलं.

वर क्लबातलं कोणी नव्हतं. सगळे रविवारच्या जेवणाला घरी गेले होते, खुर्च्या टेबलांवर उलट्या होत्या. फळीला टेकून ग्रीत उभी होती. ती रडली होती, आणि ते त्याला दिसलं म्हणून आणखी संतापली.

"दीड तास," ती म्हणाली. "दीड तास मी तुम्हाला मेलेलं धरून चाललेय. लाज नाही वाटत?"

तो हँडलवर वाकून धापा टाकत राहिला. तिने त्याचं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट, आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजले. मग मनगट सोडलं.

"पाय टेकला?"

"नाही."

"नक्की?"

त्याने तिला मातीने भरलेला खांदा दाखवला. ग्रीतने कोटाच्या खिशातून खडू काढला. तिच्या मुठीत त्याचे दोन तुकडे झाले होते.

"फळी आत नेत होते. मी नेऊ दिली नाही," ती म्हणाली. "लिहा."

पण दमलेल्या हाताने पहिल्या अक्षरापुढे खडू सरकेना. तेव्हा तिने तो हिसकावून घेतला आणि उरलेलं नाव स्वतः लिहिलं, इतकं दाबून की खडू संपला.